त्रिरश्मीवरील भैरव : शिल्पप्रतीकाच्या पुनर्लेखनाचा प्रश्न

देवतामूर्तींच्या प्रतीकार्थाचे विवेचन मराठीत बहुधा कोशाच्या रीतीने होत आले आहे. त्रिशूळ म्हणजे अमुक, कमळ म्हणजे तमुक. प्राचीन इजिप्तच्या मूर्तींशी गाठ पडली की सिंहमुख म्हणजे रौद्रता आणि मस्तकावरील बिंब म्हणजे सूर्यतेज. या नोंदी चुकीच्या असतात असे नव्हे. पण दगडाला एकदा रूप मिळाले की त्याचा अर्थही कायमचा ठरला, असे एक गृहीत त्यांच्यामागे दडलेले असते. ते तपासून पाहण्यास नाईलच्या काठापर्यंत जावे लागत नाही. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या त्रिरश्मी डोंगरावरील दहावे लेणे त्यासाठी पुरेसे आहे.

क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखांमुळे हे लेणे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच्या मंडपाच्या मागील भिंतीवर मध्यभागी उठावात एक स्तूप कोरलेला होता. मागाहूनच्या काळात त्याच स्तूपातून भैरवाची आकृती घडवण्यात आली. मूळ योजना कशी असावी हे तिसऱ्या, सातवाहनांच्या लेण्यातील त्याच जागच्या अभंग शिल्पावरून कळते : मध्ये स्तूप, दोन्ही अंगांना उपासक स्त्रिया. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की स्तूप ही बुद्धाची मूर्ती नाही. तो बुद्धाच्या देहाचे नव्हे, परिनिर्वाणाचे, म्हणजे एका अर्थी अनुपस्थितीचे चिन्ह आहे. भैरवमूर्ती मात्र देवतेच्या सान्निध्याचा दावा करते. नवा दगड आणून तो शेजारी बसवला गेला नाही. भैरवाला लागणारा दगड स्तूपानेच पुरवला. दगडाच्या कोरीव कामात भर घालता येत नाही, फक्त वजा करता येते, आणि म्हणून येथील नवे चिन्ह जुन्याच्या ऱ्हासावाचून संभवतच नव्हते.

इजिप्तचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडते, मात्र कोशातल्या नोंदीसारखे नव्हे. इसवीसनपूर्व चौदाव्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेपने सेखमेत या सिंहमुखी देवीच्या शेकडो मूर्ती काळसर कठीण दगडात करवून घेतल्या. एकच प्रतीक पुरेसे असते तर एवढ्या मूर्तींचे प्रयोजन काय? उत्तर प्रतीकात नाही, विधीत आहे. तेथे शिल्पकाराला 'जिवंत करणारा' अशा अर्थाचा शब्द होता, आणि घडवलेल्या मूर्तीच्या ओठांना सुताराच्या वाकसासारखे हत्यार लावून 'मुखोद्घाटना'चा संस्कार केल्याखेरीज ती पूर्ण होत नसे. प्राणप्रतिष्ठेची कल्पना रुजलेल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मूर्ती देवतेकडे बोट दाखवीत नाही. ती देवतेचे एक शरीर असते. म्हणूनच अखेनातेनच्या कारकिर्दीत आमून देवाचे नाव आणि रूप छिन्नीने खरवडले गेले, तेव्हा ती निव्वळ अक्षरे पुसण्याची क्रिया नव्हती. आणि पुढे ती पुन्हा कोरणे हीदेखील निव्वळ डागडुजी नव्हती. दुसऱ्या रामसेसने आमेनहोतेपच्या पुतळ्यांचे चेहरे फेरफार करून त्यांवर स्वतःचे नाव घातले.

पण अशा पुनर्लेखनाचा दाखला शोधण्यास खरे तर नाशिकची हद्दही ओलांडावी लागत नाही. 1906 मध्ये जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. अनेक नाण्यांवर खालचा नहपान अजून दिसतो. जेत्याला पराजिताचा मुखवटा पुरता बुजवणे जमले नाही, की दिसत राहावा हेच त्याला हवे होते?

दहाव्या लेण्याचे वाचन करताना दोन सोप्या वाटा टाळाव्या लागतात. एक वाट त्याला विद्रूपण म्हणून मोकळी होते. दुसरी 'श्रद्धा अखंड राहिली' असे म्हणून समाधान मानते. पहिलीला भैरव कोरणाऱ्याचा हेतू, त्याची भीती, त्याची भक्ती दिसत नाही. दुसरी अधिक गोड आहे आणि म्हणूनच अधिक फसवी. कारण स्तूपापुढे हात जोडणाऱ्यांची श्रद्धा आणि भैरवापुढे हात जोडणाऱ्यांची श्रद्धा एकच आहे, हे ती कोणाला न विचारता ठरवून टाकते. चिन्हमीमांसेत चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक मानतात. छिन्नी ज्याच्या हाती असते त्याला मात्र ते तसे वाटत नाही.

हा वाद आता दगडावरून नावावर आला आहे. शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. 'पांडवलेणी' हे नाव लोकांनी कोरीव आकृतींना महाभारताच्या चौकटीत बसवले तेव्हाचे. छिन्नीने एका भिंतीवर जे केले ते या नावाने अख्ख्या डोंगराला केले, तेही दगडाचा एक कपचा न काढता. 'त्रिरश्मी' या नावाचा आग्रह धरणारे आंबेडकरी बौद्ध त्या नावाने मागतात ते केवळ ऐतिहासिक अचूकपणा नव्हे, तर पुसलेल्या चिन्हावरील हक्क. 2023 मध्ये डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बुद्धस्मारकाच्या आवारात श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी लावण्यात आली. बोधिवृक्ष हेही स्तूपाप्रमाणे बुद्धाच्या मूर्ती घडू लागण्यापूर्वीचे चिन्ह. वर दहाव्या लेण्यात भैरव आहे तेथेच आहे.