‘ल्यूपस अँटिकोॲग्युलंट’ : एका संज्ञेची चिकित्सा

योगार्थापेक्षा रूढार्थ बलवत्तर, हा आपल्या शास्त्रकारांचा जुना सिद्धान्त. वर्गात तो आपण पाठ म्हणून सांगतो. गर्भवती स्त्रीच्या रक्तपरीक्षेच्या अहवालात मात्र त्याच्या विस्मरणाची किंमत मोजावी लागते. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो अहवालातील भाषेचा.

अंधेरी-बोरीवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही प्रयोगशाळेतून हाती येणारा हा कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि घरी त्याचे मराठी केले जाते. तेथे पहिली अडचण ‘संधिवात’ ह्या शब्दाची. आमवात, ल्यूपस आणि म्हातारपणची गुडघेदुखी ह्या सर्वांना आपल्या व्यवहारात हा एकच शब्द पुरतो. पंचविशीतल्या सुनेला ‘संधिवात’ म्हटला की घरातील वडीलधाऱ्यांना ते खरे वाटत नाही.

परंतु खरा घोटाळा आहे तो ‘ल्यूपस अँटिकोॲग्युलंट’ ह्या संज्ञेचा. 1972 साली फाइनस्टाइन व रॅपापोर्ट ह्यांच्या लेखातून ती पुढे आली. तिचा योगार्थ ‘ल्यूपसमधील, रक्त गोठू न देणारा पदार्थ’ असा होतो, आणि त्याचे दोन्ही अवयव फसवे आहेत. हे प्रतिपिंड ज्यांच्या रक्तात सापडते त्यांपैकी पुष्कळांना ल्यूपस नसतो. शिवाय परीक्षानळीत ते गोठण्यास विलंब लावते हे खरे. कारण त्या क्रियेस लागणाऱ्या फॉस्फोलिपिडांना ते गुंतवून ठेवते. शरीरात मात्र नेमके उलट घडते : गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते, वारेचे कार्य बिघडते, गर्भ दगावू शकतो. म्हणून अशा गर्भवतीला पुष्कळदा अल्प मात्रेत ॲस्पिरिन व जोडीला हेपारिन देतात. नावावर विश्वासणारा नातेवाईक म्हणेल, “रक्त आधीच गोठत नाही, मग हे इंजेक्शन कशाला?” तर्क बिनचूक आहे, चूक संज्ञेची आहे.

आता तिचे ‘रक्तगोठणरोधी’ असे भाषांतर केले तर काय होईल? परकी संज्ञा निदान कळत नाही. मराठी संज्ञा कळेल, आणि चुकीची कळेल. पारदर्शकता हा परिभाषेचा नेहमीच गुण असतो असे मानणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा विचार अवश्य करावा. माझ्या मते ही संज्ञा विशेषनामासारखी जशीच्या तशी ठेवणे इष्ट.

ह्याच्या उलट ‘रो’ आणि ‘ला’ ही प्रतिपिंडांची नावे पाहा. ज्या रुग्णांच्या रक्तात ती प्रथम ओळखली गेली त्यांच्या नावांची ती आद्याक्षरे. त्यांना योगार्थ नाही, म्हणून ती फसवीतही नाहीत. ‘रो’ प्रतिपिंड वारेतून गर्भात जाते आणि क्वचित, शंभरांत एकदोन बालकांत, हृदयाचे ठोके वाहून नेणाऱ्या तंतूंना कायमची इजा करते. माता स्वतः ठणठणीत असू शकते. म्हणून साधारण सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून गर्भाच्या हृदयावर लक्ष ठेवण्याचा प्रघात आहे. मागील अपत्याला ही इजा झाली असेल तर पुढील गरोदरपणात धोका बराच वाढतो.

‘पॉझिटिव्ह’ ह्या शब्दाने तर संसारावरही संशय येऊ शकतो. उपदंशाच्या व्हीडीआरएल परीक्षेत बैलाच्या हृदयातून मिळणारे कार्डिओलिपिन वापरीत आले आहेत. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे त्याच्याशीही जुळतात, आणि निष्कलंक स्त्रीच्या कागदावर गुप्तरोगाची खूण उमटते. उपदंशाच्या जंतूंविरुद्धची विशिष्ट परीक्षा करीपर्यंत ती खूण म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या कागदावर कोठे छापलेले असते?

‘नॉर्मल’ हाही असाच निसरडा शब्द. गरोदरपणात सी-3 ह्या पूरक प्रथिनाचे प्रमाण स्वभावतःच वाढते. तेव्हा इतर स्त्रियांच्या मर्यादेत बसणारा आकडा गर्भवतीच्या बाबतीत घसरणीचा असू शकतो. ईएसआर मात्र निरोगी गर्भवतीतही चढलेला असतो. दोन्ही आकड्यांपुढे छापलेली मर्यादा पुष्कळदा गर्भवती नसलेल्या स्त्रियांची असते. निदान त्या रकान्यावर ‘गर्भवतींसाठी नव्हे’ एवढे तरी मराठीत छापावे.