अर्व्हिंगचा बोअब्दिल

ग्रनाडाचा शेवटचा सुलतान बोअब्दिल याची जी मूर्ती इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनात ठसली आहे, ती मुख्यत्वे वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन ग्रंथकाराने घडविलेली होय. अल्हांब्रा शत्रूच्या हवाली करून निघालेला राजा खिंडीत मागे वळून पाहतो, त्यास रडू कोसळते, आणि त्याची आईच त्या अश्रूंना बायकी म्हणून हिणवते. १८२९ सालच्या 'ग्रनाडाच्या विजयाची बखर' या ग्रंथात हा प्रसंग मोठ्या चवीने आला आहे. कथा मुळात बिशप गेव्हारा याच्या, म्हणजे विजेत्या पक्षाच्या लेखणीतून उतरलेली, हे मात्र रसभरात विसरले जाते.

ग्रंथाचा निवेदक अगापिदा नावाचा एक कल्पित भिक्षू आहे. युक्ती मोठी सोयीची! कडवी वाक्ये भिक्षूच्या माथी मारावयाची आणि रसाळ प्रसंगांचे श्रेय आपण घ्यावयाचे. शिवाय राज्यनाशाचे भाकीत ज्योतिष्यांनी बोअब्दिलच्या जन्मकाळीच वर्तविलेले. एकदा पत्रिकेवर भार टाकला की राजाच्या करणीचा हिशेब कोण मागतो?

तो हिशेब जड आहे. १४८३ साली लुसेनापाशी बोअब्दिल पकडला गेला. फर्डिनंडचे मांडलिकत्व पत्करून आणि मुलगा ओलीस ठेवून सुटला, व पुढे घरच्यांशीच लढत राहिला. १४८७ साली मालागाला वेढा पडला, तेव्हा चुलता अल् झगल याने धाडलेल्या मदतीच्या फौजेवर त्याने आपले लोक सोडले. शहर पडले, तेथील बहुतेक रहिवासी गुलाम झाले. अर्व्हिंग 'बखरी'त हे सांगतो. परंतु 'अल्हांब्रा' (१८३२) या पुस्तकात बोअब्दिलचे वकीलपत्र घेताना त्याचा सारा जोर अबेन्सराज घराण्याच्या कत्तलीचा आरोप खोडण्यावर खर्च होतो. आणि तो आरोप तर पेरेझ द हीताच्या अद्भुत कथेवरच उभा होता. बचाव करावयाचा तो मालागाच्या बाबतीत करून दाखवावयास हवा होता.

उलट, ज्या शरणागतीपायी बोअब्दिल भित्रा ठरला, तेथेच तो राजासारखा वागला, असे आम्हांस वाटते. नोव्हेंबर १४९१ च्या तहाने ग्रनाडाच्या मुसलमानांस धर्म, मशिदी, मालमत्ता आणि काझीचा न्याय राखून मिळाला. उपाशी शहरासाठी याहून अधिक काय पदरात पडणार होते? २ जानेवारी १४९२ रोजी शहर दिले गेले. तह मोडला तो १४९९ पासून, सिस्नेरोसने चालविलेल्या सक्तीच्या धर्मांतरांनी. तोवर बोअब्दिल आफ्रिकेत जाऊन सहा वर्षे झाली होती.

'बखर' अजूनही वाचनीय आहे. वाचकांनी खिंडीकडे धाव न घेता मालागाची प्रकरणे आधी वाचावीत.