आहार, जनुकनियमन आणि स्मृतिभ्रंश : एका कार्यकारणसाखळीची चिकित्सा

प्रस्तावना

‘आहाराने जनुके बदलतात, म्हणून योग्य आहाराने स्मृतिभ्रंश टळतो’ हा युक्तिवाद आरोग्यविषयक लेखनात वारंवार आढळतो. त्यातील ‘म्हणून’ हा शब्द कितपत समर्थनीय आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम परिभाषा स्पष्ट केली पाहिजे. आहाराने जनुकांचा क्रम बदलत नाही. बदलू शकते ती त्यांची अभिव्यक्ती. डीएनएवर ठरावीक जागी मिथिल गट जोडला गेला, की जनुक बहुधा निष्क्रिय होते. हे गट पुरविणाऱ्या चयापचयास फॉलेट व जीवनसत्त्व ब-१२ लागते. त्यांची उणीव झाल्यास रक्तात होमोसिस्टीन साठते.

साखळीतील दुवे

पहिला दुवा, म्हणजे आहार आणि मिथिलीकरण यांचा संबंध, भक्कम आहे. वॉटरलँड व जर्टल यांनी २००३ मध्ये गर्भिणी उंदीरमाद्यांना मिथिलदायी पोषकद्रव्ये दिली, तेव्हा पिलांच्या केसांचा रंग बदलला. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भधारणा झालेल्या व्यक्तींमध्ये सुमारे सहा दशकांनंतरही आयजीएफ-२ या जनुकावरील मिथिलीकरण त्यांच्या भावंडांपेक्षा कमी असल्याचे २००८ मध्ये दिसून आले. तथापि, ते मोजले गेले रक्तात, मेंदूत नव्हे; आणि गर्भावस्थेतील उपासमारीवरून साठीतील आहाराविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

दुसरा दुवा आहार आणि स्मृतिभ्रंश यांचा. शिकागो येथील ९२३ ज्येष्ठांच्या निरीक्षणात (२०१५) ‘माइंड’ आहार काटेकोरपणे पाळणाऱ्यांत अल्झायमरचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु त्याच आहाराच्या ६०४ व्यक्तींवरील तीन वर्षांच्या यादृच्छिक चाचणीत (२०२३) तुलना-गटापेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. ब्रिटनमधील ‘व्हाइटहॉल-२’ अभ्यासातही (२०१९) ८,२२५ व्यक्तींच्या सुमारे २५ वर्षांच्या पाठपुराव्यात मध्यमवयातील आहाराचा दर्जा आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आढळला नाही. तीन वर्षांचा काळ अपुरा होता, हा आक्षेप रास्त आहे. परंतु अपुरा पुरावा हा अनुकूल पुरावा नव्हे. शिवाय, आजाराच्या आरंभीच खाण्याच्या सवयी बिघडतात. त्यामुळे निरीक्षणात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल संभवते.

उणीव आणि अतिरिक्त पूर्ती

या विसंगतीचा उलगडा ब-जीवनसत्त्वांच्या चाचण्यांतून काही अंशी होतो. ऑक्सफर्डच्या चाचणीत (२०१०) सौम्य स्मृतिदोष असलेल्यांना ही जीवनसत्त्वे दिल्यावर मेंदूचे आकुंचन सुमारे ३० टक्क्यांनी मंदावले. ज्यांचे होमोसिस्टीन सर्वाधिक होते, त्यांच्यात ५३ टक्क्यांनी. उलट, ११ चाचण्यांतील सुमारे २२,००० व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणात (२०१४) बौद्धिक क्षमतेवर लाभ दिसला नाही. त्यांतील सहभागींची निवड मुख्यत्वे उणिवेच्या निकषावर झालेली नव्हती. यावरून असे सूचित होते की, लाभ असलाच तर तो उणीव भरून काढण्यात आहे; भरल्या पात्रात आणखी ओतण्यात नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या पाहणीत (२००६) ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक असल्याचे नोंदविले. शहरी मध्यमवर्गात ही प्रमाणे अनुक्रमे ८१ व ७९ टक्के होती. ‘माइंड’ आहार लोणी व चीज मर्यादित करतो, पण मासे व कोंबडीस वाव देतो. शाकाहारी व्यक्तीने त्यातील निषेध तेवढे स्वीकारून दूधदुभतेही कमी केले, तर तिच्या ब-१२ चा मुख्य स्रोतच आटतो. आयात केलेला हितोपदेश येथे अपायकारक ठरू शकतो.

समारोप

आहाराने मिथिलीकरण बदलते आणि त्या बदलामुळेच स्मृतिभ्रंश टळतो, असे संपूर्ण साखळी जोडून दाखविणारा पुरावा माणसात अद्याप नाही. असे असता आहाराचे श्रेय वाढवून सांगितल्यास आजाराचा दोष नकळत रुग्णावर आणि त्याच्या स्वयंपाकघरावर येतो. याउलट, ब-१२ ची उणीव साध्या रक्ततपासणीने कळते, स्वस्त उपचाराने भरून निघते आणि तिच्यामुळे उद्भवलेला स्मृतिदोष वेळीच ओळखल्यास सुधारू शकतो. जनुकांविषयीच्या आकर्षक विधानांपेक्षा ही साधी बाब वर्गात आणि समाजात आधी पोहोचविणे अधिक अगत्याचे आहे.