हलका वेब सर्व्हर आणि सॉफ्टवेअर-संचाचे वितरण : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :
वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे वीस खंडांचा हा ग्रंथ संकेतस्थळावरही आला. तथापि संकेतस्थळावरील ज्ञान जावळी, पाटण यांसारख्या डोंगरी तालुक्यांतील प्रत्येक शाळेत पोहोचतेच असे नाही. इंटरनेट खंडित असेल तेथे मजकूर, शोधसुविधा आणि तो मजकूर ब्राउझरला पुरविणारा वेब सर्व्हर असा एकत्रित संच पेनड्राइव्हवरून देणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. अशा संचात अपाचीसारखा सर्वांगपूर्ण सर्व्हर घालावा की लायटीपीडीसारखा हलका, या प्रश्नाचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. मराठीत ‘हलका’ या शब्दास ‘कमी प्रतीचा’ अशीही छटा आहे. ती येथे अभिप्रेत नाही.

हलकेपणाचा अर्थ :
एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, या प्रश्नाचे उत्तर म्हणून यान क्नेश्के यांनी २००३ साली लायटीपीडीची निर्मिती केली. अपाचीच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी एक प्रक्रिया अडकून पडे. लायटीपीडीत एकच प्रक्रिया अनेक जोडण्या हाताळते. त्यामुळे स्मृतीचा वापर कमी होतो. परंतु शाळेच्या एका वर्गात चाळीस-पन्नासच विद्यार्थी असतात. तेथे दहा हजार जोडण्यांचा प्रश्न उद्भवतच नाही. शिवाय अपाचीनेही २०१२ च्या २.४ आवृत्तीपासून घटनाधारित पद्धत स्थिर स्वरूपात दिली आहे. म्हणजेच ज्या वेगासाठी हलका सर्व्हर प्रसिद्ध आहे, तो वेग संचासाठी निर्णायक ठरत नाही.

संचाच्या वितरणाचे निकष :
संचाचे खरे वैशिष्ट्य असे की, तो एकदा हातातून गेला की परत बोलाविता येत नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत प्रती होत जातात आणि त्या चालविणाऱ्या शिक्षकाने सर्व्हर हा शब्दही ऐकलेला नसतो. म्हणून पुढील तीन निकष महत्त्वाचे होत.

पहिला निकष परवान्याचा. लायटीपीडीचा बीएसडी परवाना मूळ सूचना कायम ठेवून पुनर्वितरणास मुभा देतो. अपाचीचा परवानाही उदार आहे. मात्र सर्व्हरचा परवाना म्हणजे मजकुराचा परवाना नव्हे. मराठी विकिपीडियाचा मजकूर श्रेयनिर्देश करून व त्याच अटींवर वाटता येतो. विश्वकोशासाठी मंडळाची अनुमती घेणे उचित ठरेल.

दुसरा निकष विनासायास चालण्याचा. लायटीपीडी युनिक्सच्या परंपरेत वाढला. विंडोजवरील तयार आवृत्त्या दीर्घकाळ त्रयस्थांकडूनच मिळत आल्या. शाळेच्या संगणकावर ८० क्रमांकाचे पोर्ट अगोदरच व्यापलेले असल्यास वेगळा सर्व्हर सुरूच होत नाही.

तिसरा निकष सुरक्षिततेचा. २००२ पासून उपलब्ध असलेला झॅम्प हा अपाची, डेटाबेस व पीएचपी यांचा लोकप्रिय संच आहे. तो प्रत्यक्ष सार्वजनिक वापरासाठी नसून विकसनासाठी आहे, असे त्याचे निर्मातेच सांगतात. तरीही सोय म्हणून तो तसाच कायमचा चालविला जातो, हा खरा धोका होय.

दोन उदाहरणे :
जाहिराती रोखणाऱ्या पाय-होल या प्रणालीने अनेक वर्षे लायटीपीडी सोबत दिला. २०२५ च्या सहाव्या आवृत्तीत मात्र तो सोडून सर्व्हर मुख्य प्रोग्रॅममध्येच अंतर्भूत केला. विकिपीडिया इंटरनेटविना वाचण्यासाठीच्या किविक्सचा सर्व्हरही असाच अंतर्भूत आहे. वेगळी मांडणी नसल्याने वापरकर्त्यास बिघडविण्याजोगे फारसे काही उरत नाही. याउलट सांगली-मिरजेतील एखाद्या महाविद्यालयाने ग्रंथालयासाठी कोहा ही प्रणाली निवडली, तर तिची अधिकृत मांडणी अपाचीवर आधारलेली असल्याचे आढळेल. तेथे थोडी स्मृती वाचविण्यासाठी सर्व्हर बदलणे म्हणजे अडचणीच्या वेळी उपलब्ध असलेले मार्गदर्शन गमावणे होय.

निष्कर्ष :
केवळ वाचनासाठी असलेल्या स्थिर मजकुराच्या संचास हलका सर्व्हर अनुरूप आहे. त्यातही तो प्रोग्रॅममध्ये अंतर्भूत असणे अधिक श्रेयस्कर. देवघेवीच्या नोंदी रोज बदलणाऱ्या प्रणालीस मूळ निर्मात्यांनी सुचविलेला सर्व्हरच ठेवावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहरात शिरलेल्या पाण्याने, एकाच ठिकाणी साठविलेले ज्ञान किती असुरक्षित असते, हे दाखवून दिले. अनेक ठिकाणी प्रती असणे हे त्यावरील एक उत्तर आहे. परंतु देखभालीविना पडून असलेली प्रत हा आधार नव्हे. म्हणून सर्व्हर किती मेगाबाइटचा आहे यापेक्षा, संच देणारी संस्था पुढील वर्षी सुधारित प्रत घेऊन त्या शाळेत पुन्हा जाणार आहे काय, हा प्रश्न निवडीपूर्वी विचारला जाणे अगत्याचे आहे.