चेक मिळाला, विहिरीचं काय?

'एरिन ब्रॉकोविच' हा २००० सालचा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातला ग्लासचा प्रसंग आठवा. समोरचं पाणी हिंक्ली गावचं आहे हे कळताच कंपनीची वकील हातातला ग्लास खाली ठेवते. डोळ्यांना न दिसणारं क्रोमियम-६ दिग्दर्शक सोडरबर्ग एका क्षणात दाखवतात. इथे सिनेमाला पूर्ण मार्क.

पण तो संपतो १९९६च्या ३३.३ कोटी डॉलरच्या तडजोडीवर. पाणी तसंच राहतं. खऱ्या हिंक्लीत नंतर जमिनीत इथेनॉल सोडलं गेलं. ते खाताना जिवाणू प्राणवायू संपवतात, मग विरघळणाऱ्या क्रोमियम-६चं क्रोमियम-३ होतं आणि ते मातीतच अडकून बसतं. काही पाणी उपसून लसूणघासाच्या शेतांना दिलं. हे काम वर्षानुवर्षं चालतं. त्यात टाळ्या घेणारा प्रसंग नाही.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. दूषित पाणी म्हटलं की गुन्हेगार शोधायचा, ही सवय असे सिनेमे लावतात. आता अबू धाबीतल्या लिवाकडे बघा. तिथल्या भूजलातही क्रोमियम-६ आहे, अनेक ठिकाणी लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त. ते कुठल्या कंपनीने सोडलेलं नाही, वाळूतल्या खनिजांमधून आलंय. यवतमाळ-चंद्रपूरच्या हातपंपांतलं फ्लोराइडही खडकातलंच. दावा कुणावर ठोकणार?

यूएईत नळाला मुख्यतः समुद्राचं गोडं केलेलं पाणी येतं. तेच लिवाच्या वाळूखाली मुरवून आणीबाणीचा साठाही केलाय, २०१८ मध्ये पूर्ण झालेला: दहा लाख लोकांना ९० दिवस, रोज माणशी १८० लिटर. पैसा असला की खराब विहिरीला वळसा घालता येतो. विदर्भातल्या गावाला तो वळसा परवडत नाही. नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची स्वस्त 'नालगोंडा' पद्धत १९७०च्या दशकातच दिली. रसायनशास्त्र सोपं आहे हो! पण रोज मात्रा कोण मोजणार, उरलेला गाळ कुठे टाकणार, त्या माणसाचा पगार कोण देणार?

खलनायक नसला की गोष्ट होत नाही, आणि गोष्ट नसली की लक्षही जात नाही. सिनेमा जरूर बघा. फक्त गावाकडे फोन कराल तेव्हा विचारा: आपल्या हातपंपाचं पाणी शेवटचं कधी तपासलं?