खटल्याच्या नावात नसलेली माणसे

‘माफीचा साक्षीदार’ मी १९८६मध्ये, प्रदर्शित झाला त्याच वर्षी पाहिला. तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि नुकताच एका छापखान्यात कामाला लागलो होतो. चित्रपटगृहातून बाहेर पडलो तेव्हा डोक्यात नाना पाटेकरांची नजर सोडून दुसरे काही नव्हते. घरी आल्यावर भाकरी थापणाऱ्या आईला सगळी कथा सांगितली. तिने ऐकून घेतली आणि एकच विचारले, “अन् ती कामाला होती ती बाई? तिचं काही दाखवलं का?” मी आठवून पाहिले. सांगण्यासारखे काही आठवेना.

आई डेक्कनच्या बाजूला तीन घरची धुणीभांडी करीत असे. तिच्या प्रश्नाचे वजन कळायला मला बरीच वर्षे लागली. कळले तेही एका अमेरिकी चित्रपटामुळे.

आधी घटनाक्रम, कारण नव्या वाचकांना तो ठाऊक असेलच असे नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. करणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र, एका हॉटेलमालकाचा मुलगा. ‘मी घर सोडून जातो आहे’ अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घेतली गेली आणि मृतदेह लोखंडी पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात टाकला गेला. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातील तिघे मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात पाच जण. मार्चमध्ये आणखी एक तरुण. मग टोळीतला एक जण फुटला, माफीचा साक्षीदार झाला आणि तळ्यातले पिंप बाहेर निघाले. म्हणजे सर्वांत आधी झालेला खून शहराला सर्वांत शेवटी कळला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

या सगळ्याला आपण ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ म्हणतो. ‘स्मृती’ बंगल्यातील काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे नामांकित पंडित. त्यांचा व्याकरणकोश अभ्यासक आजही हाताळतात. त्याच घरात, त्याच रात्री, त्याच नायलॉनच्या दोरीने सकूबाई वाघ ही घरकाम करणारी बाईही मारली गेली. न्यायालयाने तिचा खून मोजला. शहराच्या बोलण्यात मात्र ती ‘अभ्यंकरांकडची मोलकरीण’ एवढीच उरली.

आता तो अमेरिकी चित्रपट. ब्रेट ईस्टन एलिस यांच्या १९९१च्या कादंबरीवर मेरी हॅरन यांनी २००० साली ‘अमेरिकन सायको’ काढला. पॅट्रिक बेटमन हा वॉल स्ट्रीटवरचा सत्तावीस वर्षांचा श्रीमंत तरुण. दिवसा भारी सूट आणि महागडी हॉटेले, रात्री खून. सहकाऱ्याचे व्हिजिटिंग कार्ड आपल्यापेक्षा उजवे निघाले म्हणून याला घाम फुटतो. कार्डांवरचा हुद्दा सगळ्यांचा एकच. प्रेक्षक हसतो, आणि मग त्या हसण्याचीच त्याला भीती वाटू लागते. बेटमनने जे केले ते खरेच घडले की त्याच्या डोक्यात, यावर पुष्कळ वाद झाला आहे. मला त्यात फारसा रस नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते गुप्तहेराचे पात्र. बेटमन गल्लीत झोपलेल्या एका बेघर माणसाला भोसकतो. त्याची चौकशी करायला कोणी येत नाही. रस्त्यावरून आणलेल्या बायकांचीही नाही. गुप्तहेर दारात येतो तो फक्त पॉल अ‍ॅलनसाठी, कारण अ‍ॅलन त्याच कार्डवाल्यांतला. शेवटी बेटमन वकिलाला फोन करून सगळे कबूल करतो, तर वकील ते थट्टेवारी नेतो आणि त्याला भलत्याच नावाने हाक मारतो. श्रीमंत खुनी सुटतो तो हुशारीने नाही. त्याच्या जगात कोणाचे मरण मोजायचे हे आधीच ठरलेले असते. चित्रपटाचा उपहास या हिशेबावर आहे.

इथे ‘माफीचा साक्षीदार’ मला कमी पडतो. नानांचा अभिनय आजही अंगावर येतो, पण चित्रपट सगळी भीती त्या एका माणसात साठवतो. तो असा का झाला, हाच प्रश्न आपण घरी घेऊन जातो. अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’चेही तेच. ते प्रकरण त्यांनी मुंबईच्या रॉक बँडमध्ये नेले, सेन्सॉरशी झगडले, पण रोख मारणाऱ्यांवरच ठेवला. खुनी विकृत ठरला की शहर सुटले. हॅरन शहराला सुटू देत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, घर मालकाच्या नावाने ओळखले जाते, त्यात कसला आला हिशेब? शिवाय पहिला आणि शेवटचा तरुणही त्या नावात नाहीत, आणि ते काही मोलकरीण नव्हते. हे बरोबर आहे. त्या दोघांना वगळणे घटनांच्या ओघात झाले असेल. सकूबाईंच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. त्या घटनेच्या ऐन मध्यभागी होत्या. मालकाच्या नावाने घर ओळखण्याची आपली रीत निरागस आहे, म्हणूनच ती आपल्या लक्षात येत नाही. उपहास नेमकी अशी निरागसता पकडतो. पुण्याच्या या प्रकरणावर तसा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

त्या डिसेंबरात मी आठ वर्षांचा होतो. शहर सातच्या आत घरात असे. आई मात्र अंधार असतानाच कामाला निघे. तिन्ही घरांनी दाराला जास्तीच्या कड्या बसवल्या होत्या. आठ वर्षे जिथे भांडी घासली तिथेही तिला बाहेर उभे राहून आधी नाव सांगावे लागे, मग दार उघडे. आपल्यालाही कोणी मारील, ही तिची भीती कोणी विचारलीच नाही. मीही नाही.

आई गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. खटल्याची कागदपत्रे वाचताना सकूबाईंचे नाव मला प्रथम दिसले, तेव्हा ती हयात नव्हती. असती तर तिला सांगितले असते की त्या बाईचे नाव सापडले.