तबकडीतली सिंधू

बालगंधर्वांची सिंधू आज आपल्याला फक्त ऐकता येते. १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त त्यांनी ती साकारली. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत लांबणारे पद तबकडीच्या एका बाजूवर मात्र सुमारे तीन मिनिटांत आवरावे लागे. विस्तार गेला, शब्दाला गोंजारणारा स्वर तेवढा राहिला.

पडद्याने त्यांना न्याय दिला नाही. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, म्हणजे पुरुष. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त स्त्रीवेष आला खरा, पण वय पन्नाशीकडे झुकलेले, ते कॅमेऱ्यापासून कसे लपावे? म्हणून मी तबकडीच श्रेष्ठ मानतो. दारुड्याच्या पत्नीची ती सोशिकता चारोटी परिसरातल्या घरांतही मी पाहिली आहे. तो स्वर ऐकताना तिचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो, नटाचा नव्हे.